एका वाद्यवृंदात किती खुर्च्या?

'कंडक्टर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो खाकी कपड्यातला, तिकिटांची पेटी सांभाळणारा आणि दोरी ओढून 'डबल बेल' देणारा एस.टी.चा कंडक्टर. पाश्चात्त्य संगीतातला कंडक्टर आपल्याला माहीत झाला तो मुख्यतः झुबिन मेहतांमुळे. काळा कोट, हातात पातळशी काठी आणि श्रोत्यांकडे पाठ. हा गृहस्थ स्वतः एकही वाद्य वाजवत नाही, तोंडातून सूर काढत नाही आणि तरीही सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच पडतात, हे बैठकीच्या गाण्यावर पोसलेल्या माणसाला जरा कोड्यात टाकणारेच आहे. आपल्याकडे गवई आणि तबलजी समेवर एकमेकांकडे बघून हसले की काम भागते. पण शंभर वादक, पंधरा-वीस तऱ्हेची वाद्ये आणि प्रत्येकाच्या पुढ्यात वेगळा कागद असा मामला असला की नुसत्या हसण्याने भागत नाही. कोणी कधी शिरायचे, कोणी हात राखून वाजवायचे, कोठे थबकायचे आणि कोठे उसळायचे, हे ठरवणारा एक जण लागतोच.

पण या सगळ्याच्या आधी एक साधा प्रश्न असतो, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. त्या शंभर खुर्च्यांवर बसायला मिळते कोणाला? हा प्रश्न माझ्या डोक्यात भरवला तो गुस्तावो दुदामेल या व्हेनेझुएलाच्या वाद्यवृंदसंचालकाने. त्याच्या ध्वनिमुद्रिका मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे. मी पाश्चात्त्य संगीताचा जाणकार नाही, आवडीने ऐकणारा आहे. पण या माणसाची गोष्ट नुसत्या संगीताची नाही. ती वस्तीची आहे, शाळेची आहे आणि थोडीशी राजकारणाचीही आहे.

दुदामेलचा जन्म २६ जानेवारी १९८१ चा, बार्किसिमेतो नावाच्या गावातला. वडील साल्सा वाजवणाऱ्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत. आई गाणे शिकवणारी. साल्सा म्हणजे लॅटिन अमेरिकेतले नाचाचे संगीत. लग्नकार्य असो की गल्लीतली जत्रा, ते वाजू लागले की पाय थांबत नाहीत. पोराला बापासारखा ट्रॉम्बोनच हवा होता. पण त्या वाद्याची नळी पुढेमागे सरकवायला हात लांब लागतात, आणि याचे हात पुरेनात. मग व्हायोलिन हाती आले. घरी तो लेगोच्या छोट्या बाहुल्या ओळीने मांडायचा, त्यांचा वाद्यवृंद करायचा, तबकडी लावायचा आणि त्यांच्यापुढे हात हलवत उभा राहायचा. असे खेळ अनेक घरांत होतात. फरक इतकाच, की या मुलाच्या गावात खेळ खरा करून दाखवणारी एक व्यवस्था आधीच उभी होती.

गॅरेजमधली अकरा मुले

त्या व्यवस्थेचे नावच मुळी 'एल सिस्तेमा', म्हणजे 'व्यवस्था'. ती उभारली होसे अंतोनियो अब्रेऊ यांनी. हे गृहस्थ शिक्षणाने अर्थशास्त्रज्ञ आणि वृत्तीने संगीतकार. व्हेनेझुएला हा तेलावर श्रीमंत झालेला देश. पैसा राजधानीत आणि झोपड्या डोंगरउतारांवर. बीथोव्हेन वगैरे मंडळी तेथे मूठभर उच्चभ्रूंची मिरास होती आणि वाद्यवृंदात परदेशी वादकांचाच भरणा असे. आपल्या देशातल्या मुलांनी वाजवावे, या हट्टाने अब्रेऊंनी १९७५ मध्ये काराकासच्या एका गॅरेजमध्ये पहिली तालीम बोलावली. शंभर मुले येतील या हिशेबाने पन्नास स्टँड मिळवून ठेवले होते. आली अकरा. पुढे २००९ मध्ये दिलेल्या एका भाषणात अब्रेऊंनी सांगितले, की त्या क्षणी दोनच रस्ते समोर होते: गाशा गुंडाळायचा, नाही तर या अकरांची संख्या वाढवायची. त्यांनी दुसरा रस्ता धरला. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी याच व्यवस्थेतल्या ८,५७३ वादकांनी काराकासमध्ये एकत्र बसून चायकोव्हस्कीची रचना वाजवली आणि जगातल्या सर्वांत मोठ्या वाद्यवृंदाचा गिनीज विक्रम केला. गॅरेजमधल्या अकरा मुलांची ही वंशावळ.

आकड्यांपेक्षा मला पद्धत जास्त बोलकी वाटते. आपल्याकडे काय किंवा युरोपात काय, मूल आधी एकटे शिकते. वर्षानुवर्षे घोटते आणि पुरेसे तयार झाले म्हणजे चारचौघांत बसते. एल सिस्तेमाने हा क्रमच उलटा केला. मूल पहिल्यापासून वाद्यवृंदात. दोनच सूर येतात? मग ते दोन सूर सगळ्यांबरोबर वाजव. काल शिकलेला मुलगा आज आलेल्याला बोटे कोठे ठेवायची ते दाखवतो. अगदी लहानांसाठी तर 'कागदी वाद्यवृंद' असतो. आईबापांबरोबर बसून पुठ्ठ्याची व्हायोलिने करायची, ती खऱ्यासारखी धरायची, रांगेत बसायचे, जपायचे. खरे वाद्य हातात येते तोवर त्याची किंमत कळलेली असते. बहिऱ्या मुलांसाठी 'पांढऱ्या हातांचे' गायकवृंद आहेत. ही मुले पांढरे हातमोजे घालून हातांच्या हालचालींनी गाणे 'म्हणतात'. शेजारी गाणारी मुले गात असतात, आणि पाहणाऱ्याला गाणे दिसू लागते.

अब्रेऊ त्या भाषणात मदर तेरेसांचा दाखला देतात. गरिबीतले सर्वांत मोठे दुःख भाकरीचे वा छपराचे नसते, आपण कोणीच नाही या भावनेचे असते, असा त्याचा आशय. ज्या मुलाला घरी कोणी विचारत नाही, त्याला वाद्यवृंदात खुर्ची मिळाली की तो 'दुसऱ्या व्हायोलिनांतला तिसरा' होतो. तो आला नाही तर जागा रिकामी दिसते. कोणीतरी विचारते, आज का नाही आला? या विचारपुशीत केवढी ताकद आहे, हे ज्यांनी कधी भजनी मंडळात टाळ धरला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

गाणे आपले, माहलरही आपला

या व्यवस्थेतून दुदामेल वर आला. १९९९ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, सिमोन बोलिव्हार युवा वाद्यवृंदाची सूत्रे त्याच्याकडे आली. २००४ मध्ये जर्मनीतल्या बाम्बर्ग येथे गुस्ताव माहलरच्या नावाने भरलेली पहिली संचालन स्पर्धा त्याने जिंकली आणि युरोपचे कान टवकारले. ऑगस्ट २००७ मध्ये लंडनच्या 'प्रॉम्स' या प्रसिद्ध महोत्सवात तो आपल्या पोरांना घेऊन उतरला. आधी शोस्ताकोविचची दहावी सिंफनी, म्हणजे स्टॅलिनच्या काळाची छाया असलेले गंभीर प्रकरण. ते चोख वाजले. नंतर दिवे गेले, आले, तेव्हा सगळ्या वादकांच्या अंगात पिवळ्या-निळ्या-लाल रंगांची, देशाच्या झेंड्याची जाकिटे. बर्नस्टाइनचा 'माम्बो' सुरू झाला. वादक उभे राहून वाजवू लागले, वाद्ये गरगर फिरवू लागले. लंडनचे शिष्ट श्रोते खुर्च्या सोडून उभे.

केवळ जाकिटे आणि नाच एवढेच असते, तर ते चार दिवसांचे कौतुक ठरले असते. पण दुदामेलने हे सूत्र पुढे चिकाटीने चालवले. आपल्या मुलखातले संगीत हे शेवटची चटणी म्हणून वाढायचे नाही, ताटातले मुख्य अन्न म्हणून वाढायचे. मेक्सिकोच्या आर्तुरो मार्केस यांचा १९९४ चा 'दान्सोन क्रमांक २' जगभरच्या सभागृहांत पोचला, त्यात दुदामेल आणि त्याच्या पोरांचा वाटा मोठा आहे. दान्सोन हा मूळचा क्यूबातला नाच. समुद्र ओलांडून तो मेक्सिकोच्या व्हेराक्रूस बंदरात रुजला. तेथे आजही चौकात म्हातारी जोडपी ठेवणीतले कपडे घालून, घाई न करता तो नाचतात. मार्केस यांनी ती लय मोठ्या वाद्यवृंदात बसवली. सुरुवातीला एकटी क्लॅरिनेट, आणि तिच्यामागे दोन लाकडी काड्यांचा 'टक-टक' ठेका.

दुसरे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे वाटेल. व्हेनेझुएलाच्या आंतोनियो एस्तेव्हेस यांची १९५४ ची 'कांताता क्रियोया'. गवताळ माळरानावरचा एक गुराखी-शाहीर आणि साक्षात सैतान यांच्यातला हा गाण्याचा सामना आहे. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने तिला तोलामोलाचे उत्तर द्यायचे. हरला तो गेला. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या फडात ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना या सवाल-जवाबाची नशा चटकन कळेल. ही रचनाही दुदामेलने लॉस एंजेलिसच्या मंचावर नेली. आणि त्याच हाताने त्याने २०१२ मध्ये माहलरच्या सगळ्या सिंफनी आधी लॉस एंजेलिसमध्ये आणि मग काराकासमध्ये वाजवल्या. काराकासला माहलरच्या आठव्या सिंफनीसाठी हजाराहून अधिक गायक-वादक एकत्र आले होते. शाहिराचे गाणे आपले आणि व्हिएन्नाचा माहलर परका, ही वाटणीच त्याने मानली नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात भाच्याकडे लॉस एंजेलिसला गेलो असता 'हॉलिवुड बोल' या टेकडीच्या कुशीतल्या खुल्या रंगमंडळात एक संध्याकाळ घालवली. सतरा-अठरा हजार माणसे मावणारी ही जागा. लोक घरून डबे आणतात, पायऱ्यांवर मांडून जेवतात, मग संगीत ऐकतात. आपल्या गणेशोत्सवातल्या मैदानी मैफलींची आठवण करून देणारा थाट. आमच्या शेजारी एक मेक्सिकन कुटुंब होते: आजी, लेक, दोन नातवंडे. उत्तरार्धात त्यांच्या देशाची रचना सुरू झाली तशी आजीने डबा बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. धाकटा नातू तिच्याकडे पाहू लागला. आजीला हे 'मोठे' संगीत येते, हे त्याला त्या क्षणी प्रथमच कळत होते, असे मला वाटले. मग त्यानेही ठेका धरला. तो चुकत होता. आजी त्याचा हात धरून दुरुस्त करत होती.

बँकेच्या इमारतीत

लॉस एंजेलिस हे शहर १७८१ मध्ये स्पॅनिश अमलाखाली वसले, नावही स्पॅनिश. आज तेथील जवळजवळ निम्मी लोकसंख्या लॅटिन अमेरिकन वंशाची आहे. तरीही शहराच्या नामांकित वाद्यवृंदाच्या सभागृहात हा समाज फारसा दिसत नसे. २००९ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी दुदामेल लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिकचा संगीत संचालक झाला. ३ ऑक्टोबर रोजी त्याचा पहिला कार्यक्रम झाला तो त्याच हॉलिवुड बोलमध्ये, आणि विनामूल्य. बीथोव्हेनची नववी सिंफनी होतीच. पण तिच्या आधी मंचावर आली ती दक्षिण लॉस एंजेलिसच्या गरीब वस्तीतली शाळकरी मुले, आणि त्यांच्यापुढे काठी घेऊन उभा होता दुदामेल.

ही मुले 'योला' नावाच्या युवा वाद्यवृंदाची. २००७ मध्ये एल सिस्तेमाच्या धर्तीवर फिलहार्मॉनिकने तो सुरू केला. वाद्य फुकट, शिकवणी फुकट आणि शाळा सुटल्यावर आठवड्यातले बरेच दिवस तालीम. २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात, जो कार्यक्रम कोट्यवधी लोक पाहतात, तेथेही ही मुले वाजवून आली. पुढे २०२१ मध्ये इंगलवुड या उपनगरात त्यांना स्वतःची वास्तू मिळाली. साठच्या दशकातली एक जुनी बँकेची इमारत घेऊन फ्रँक गेरी या विख्यात वास्तुशिल्पकाराने ती संगीतशाळेत बदलली. आवाज घुमायला उंची हवी, म्हणून जमीन खोदून खाली नेली. शहरातले मुख्य डिस्ने सभागृहही गेरी यांचेच. पैसेवाल्या श्रोत्यांसाठी ज्याने बांधले, त्यानेच या पोरांसाठीही बांधले, ही गोष्ट पालकांना काय सांगून जात असेल याची कल्पना करता येते. आमच्या मुलांना उरलेसुरले दिलेले नाही, एवढे त्यांना कळते.

योलातली सगळीच मुले वादक होणार नाहीत. तशी अपेक्षाही नाही. कोणी परिचारिका होईल, कोणी इंजिनिअर होईल. पण तालमीला वेळेवर येणे, शेजाऱ्याचा आवाज ऐकून आपला आवाज कमी करणे, चुकले तर पुन्हा सुरुवात करणे या सवयी कोठेही वाया जात नाहीत. मुलाला शिकवणी लावताना 'स्पर्धेत नंबर येईल का?' असे विचारणाऱ्या आपण पालकांनी थोडे थांबून विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

सरकारचा पैसा आणि गप्प बसणे

इथवर सगळे गोड आहे. पण एवढेच सांगून थांबलो तर ती जाहिरात होईल.

एल सिस्तेमा सरकारच्या पैशावर चालते. सरकारे बदलली, डावी आली, उजवी गेली. अब्रेऊंनी प्रत्येकाशी जमवून घेतले. त्यामुळे व्यवस्था टिकली, आणि त्यामुळेच ती बांधलीही गेली. २०१३ मध्ये अध्यक्ष ह्यूगो चावेझ यांच्या अंत्यविधीत दुदामेलने वाद्यवृंद चालवला, तेव्हा देशाबाहेर गेलेल्या अनेकांनी त्याला धारेवर धरले. व्हेनेझुएलाचीच पियानोवादक गाब्रिएला मोंतेरो त्याला जाहीरपणे विचारत राहिली, की देश कोसळत असताना तू गप्प का? संगीत राजकारणापासून दूर राहावे आणि मुलांच्या डोक्यावरचे छप्पर वाचावे, अशी त्याची भूमिका होती. ती सोयीची म्हणावी की जबाबदारीची, हे ठरवणे सोपे नाही. त्याने तोंड उघडले असते तर किंमत मुलांनीही मोजली असती.

२०१४ मध्ये जेफ्री बेकर या ब्रिटिश अभ्यासकाने पुस्तक लिहून वेगळेच प्रश्न विचारले. येथे शिस्तीच्या नावाखाली हुकूमशाही आहे का? आणि ही मुले खरोखरच गरिबांतली आहेत का? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीतही दाखल होणाऱ्या मुलांत गरिबांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी आढळले. हे प्रश्न झटकून टाकण्यासारखे नाहीत. चांगल्या कामाची आरती ओवाळण्यापेक्षा त्याचा हिशेब मागणे हेच त्या कामाच्या हिताचे असते.

मग मे २०१७ उजाडला. रस्त्यावर सरकारविरोधी निदर्शने चालू होती. त्यात एक तरुण मारला गेला. विशीही न गाठलेला, एल सिस्तेमात व्हायोला वाजवणारा. आता मात्र दुदामेल बोलला. दडपशाही थांबवा, लोकांचे ऐका, असे त्याने जाहीर पत्रक काढून तेव्हाचे अध्यक्ष निकोलास मादुरो यांच्या सरकारला सुनावले. जुलैमध्ये अमेरिकेतल्या वृत्तपत्रात लेख लिहून घटना बदलण्याच्या खटाटोपावर टीका केली. उत्तर लगेच आले. व्हेनेझुएलाच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदाला घेऊन तो अमेरिकेचा दौरा करणार होता. सरकारने तो रद्द केला. महिनोन्महिने तालीम केलेली पोरे घरी बसली. मार्च २०१८ मध्ये अब्रेऊ वारले.

त्याने आधीच बोलायला हवे होते, असे म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझे मन मात्र त्या रिकाम्या खुर्चीवर अडते. संख्या मोजण्याच्या हौसेत प्रत्येक खुर्चीवर बसलेले माणूस वेगळे आहे हे विसरता येत नाही, हे त्या तरुणाच्या मृत्यूने सगळ्यांनाच दाखवले.

मुंबई आणि पणजी

या गोष्टीचा एक धागा आपल्या दारातून जातो. दुदामेलच्या आधी बरीच वर्षे लॉस एंजेलिसच्या त्याच वाद्यवृंदाची काठी मुंबईत जन्मलेल्या एका तरुणाच्या हाती होती. झुबिन मेहता १९६२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तेथे संगीत संचालक झाले आणि १९७८ पर्यंत राहिले. तेथून ते न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकला गेले. दुदामेलनेही न्यूयॉर्कचीच वाट धरली. २०२६-२७ च्या हंगामापासून त्याची तेथे नेमणूक झाल्याची घोषणा २०२३ मध्येच झाली. झुबिन यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात पारशी होते तसे गोव्याचे ख्रिस्ती वादकही होते. चर्चच्या शाळेत लहानपणी सरगम घोकलेली, खेड्यांतून आलेली ही मंडळी. हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंदही पुढे यांच्याच जिवावर उभे राहिले. मेहलीबाबा नंतर लॉस एंजेलिसला गेले आणि १९६४ मध्ये त्यांनी तेथे तरुण वादकांचा वाद्यवृंद काढून तो १९९८ पर्यंत स्वतः चालवला. मुलगा मोठ्या मंचावर, बाप पोरांच्या तालमीत. मला त्या बापाचे काम मुलाच्या कामाइतकेच मोठे वाटते.

दुसरा धागा ताजा आहे. २००७ च्या लंडनमधल्या त्या जाकिटांच्या मैफलीने भारावून गेलेल्यांत इंग्लंडमध्ये काम करणारे एक गोवेकर डॉक्टर होते, लुईस डायस. ते गोव्याला परतले आणि २००९ मध्ये त्यांनी 'चाइल्ड्स प्ले' ही संस्था काढून पणजीत गरीब घरच्या मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवण्याची सोय केली. काराकासचे गॅरेज, लंडनचे सभागृह आणि मांडवीकाठची मुले. ठिणगी कोठून कोठे उडते, पाहा.

दुदामेलच्या लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिकने मेक्सिकोच्या गाब्रिएला ऑर्तिस यांच्या रचनांची जी ध्वनिमुद्रिका काढली, तिला २०२५ मध्ये तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. पुरस्कार येतील, जातील. संचालकही जागा बदलतात. काठी दुसऱ्याच्या हाती जाते. इंगलवुडच्या त्या जुन्या बँकेत मात्र शाळा सुटल्यावर मुले येत राहतील, खोकी उघडतील, सूर लावतील. कोणी गैरहजर असेल तर शेजारचा विचारील, आज तो का नाही आला?

आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत, संध्याकाळच्या वेळी मुलांची अशी विचारपूस होईल असे एखादे ठिकाण आहे का? व्हायोलिनच हवे असे नाही. पेटी चालेल, ढोलकी चालेल, टाळही चालतील. सुरुवातीला अकरा मुले आली तरी पुष्कळ.